सतरा इंची चाकांचा मोह आणि कुंभार्ली घाट

पत्र :

काका, मी २४ वर्षांचा. मूळचा चिपळूणचा, नोकरीला पुण्यात. दोन महिन्यांपूर्वी २०२१ सालची सेकंडहँड स्विफ्ट व्हीएक्सआय घेतली. आमच्या घरातली पहिली गाडी. लोखंडी रिम, त्यावर प्लास्टिकच्या वाट्या आणि १६५/८० आर १४ टायर. मागून बघितलं की एवढ्या गाडीखाली स्कूटरची चाकं लावलीत असं वाटतं. टायरवाला म्हणतो, १७ इंची मॅग, म्हणजे ॲलॉय रिम, आणि २०५/४५ टायर टाक, एक नंबर दिसेल. कुठे घासलंच तर मडगार्डची कड आतून दुमडून देतो, हवं तर चाक बाहेर काढायला मधे स्पेसरची चकती लावू. माझ्याकडे ६० हजार साठलेत. बाबा म्हणतात, "गाडी चालवायला घेतलीस की मिरवायला?" महिन्यातून एकदा तरी आई-बाबांना घेऊन पुणे-चिपळूण होतं. सोळा घेऊ की सतरा? स्टेपनीचं काय करायचं? आणि काळे घ्यावेत की डायमंड कट?

– गाडीवेडा, पुणे

उत्तर :

अरे गाडीवेड्या,

तू "सोळा की सतरा" विचारलंस आणि माझं उत्तर पंधरा आहे. चिडू नकोस, पुढे वाच.

आधी बाबांचा प्रश्न. गाडी मिरवायलाही घेतात. स्वतःच्या पैशाने घेतलेली, घरातली पहिली गाडी. ती चांगली दिसावी असं वाटणं यात गुन्हा काही नाही. चौदा इंची लोखंडी रिमवर स्विफ्ट जरा उपाशी दिसते, हेही मला मान्य. तेव्हा चाकं बदलूच नकोस असं मी सांगणार नाही. पण दुकानदाराने जो आकार सुचवला आहे तो त्याच्या दुकानाच्या काचेसमोर उभ्या असलेल्या गाडीसाठी आहे. तुझी गाडी उंब्रजवरून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरणार आहे. नाहीतर ताम्हिणीतून माणगावला येऊन मुंबई-गोवा महामार्गाला लागणार आहे. त्या महामार्गाचं मी काय सांगू, तू चिपळूणचाच.

टायरवरचे आकडे आधी नीट वाचू. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के इतकी बाजूच्या भिंतीची, साइडवॉलची, उंची. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. गणित शाळेतलंच आहे. १६५ चे ८० टक्के १३२. भिंत वर एक, खाली एक, म्हणून २६४. त्यात चौदा इंचाचे ३५५.६ मिळवले की अख्ख्या चाकाची उंची येते, साधारण ६२० मिलिमीटर. हा आकडा लिहून ठेव. नवा टायर कुठलाही घे, त्याची बेरीज या ६२० च्या आसपास यायला हवी. दोन टक्के इकडेतिकडे, त्यापलीकडे जायचं नाही.

का, तर गाडीचा वेगमापक चाकाचे फेरे मोजत असतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. २१५/६० आर १६ घालून फिरणारे महाभाग असतात. त्या चाकाची उंची होते ६६४. सात टक्के जास्त. काटा १०० दाखवतो तेव्हा चाकाच्या हिशेबाने गाडी १०७ च्या आसपास असते. कंपन्या काटा मुळात थोडा जास्त दाखवणाराच ठेवतात, ती सगळी राखीव जागा यात संपते, आणि एक्स्प्रेस वेवरच्या कॅमेऱ्याला तुझ्या टायरची कहाणी ऐकायची नसते. शिवाय चाक उंच झालं की गिअरचं प्रमाणही बिघडल्यासारखं होतं. ९० पीएसचं इंजिन आहे तुझं; चौघं जण आणि आंब्याच्या पेट्या भरून घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये त्याची दमछाक तुला पायाखाली जाणवेल.

आता गंमत अशी की दुकानदाराचा २०५/४५ आर १७ या परीक्षेत पास होतो. उंची येते ६१६. म्हणजे माणूस अडाणी नाही, त्याने हिशेब करूनच आकार सांगितलाय. पण या हिशेबात काय गेलं ते बघ. एकूण उंची तीच आणि रिम तीन इंचांनी मोठी. मग कमी कोण झालं? साइडवॉल. तुझ्या आत्ताच्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर आहे. सतरा इंचीत ती ९२ उरते. खड्डा आणि रिम यांच्यामधलं चार सेंटिमीटर रबर आणि हवा तू पैसे देऊन काढून टाकतोस.

खड्ड्यात टायर कसा मरतो ते ठाऊक आहे का? चाक खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर आपटतं तेव्हा टायरची भिंत रिमची धार आणि डांबराची कड यांच्यात क्षणभर चिमटली जाते. आतले धागे तुटतात. बाहेरून कधीकधी ओरखडासुद्धा दिसत नाही, आणि दोन दिवसांनी भिंतीवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. पंक्चरवाला "पॅच मारून देतो" म्हणाला तरी ऐकू नकोस, तो टायर बाद. त्यातून टायर वाचलाच तर मार रिमवर जातो. लोखंडी रिम वाकते आणि वाकलेली बरीचशी सरळ करता येते. ओतीव मॅग बऱ्याचदा वाकण्याऐवजी तडकते. तडकलेल्या मॅगला वेल्डिंग करून, रंग मारून परत विकणारे आहेत. सेकंडहँड मॅग घ्यायचा विचार केलास तर रिमची आतली बाजू, जी गाडीवर चढल्यावर दिसत नाही, ती उजेडात धरून बोट फिरवून बघ. वेल्डिंगचा उंचवटा हाताला लागतो. मशीनवर फिरवून रिम सरळ फिरते का, हेही पाहून घे.

जुलै महिन्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे कुणालाच कळत नाही. कोकणात येणं-जाणं असलेल्या गाडीला ९२ मिलिमीटरची भिंत म्हणजे दर पावसाळ्यात एखादा टायर देवाला सोडायची तयारी. आणि मार फक्त गाडीलाच बसतो असं नाही. भिंत जितकी आखूड तितके हादरे जास्त आत येतात, आणि मागच्या सीटवर आई-बाबा आहेत.

पावसाचा आणखी एक मुद्दा आहे, तो दुकानात कुणी काढत नाही. "रुंद टायर म्हणजे जास्त पकड" हे कोरड्या रस्त्यावर बऱ्याच अंशी खरं. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते वेळेत सारता आलं नाही की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून काही होत नाही. टायर झिजलेला असेल तर हे आणखी लवकर होतं. कायद्याने खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. कोकणातल्या पावसात मी ३ च्या खाली गेलेल्या टायरवर भरवसा ठेवणार नाही. म्हणून रुंदी वाढवायची ती बेताने.

या सगळ्याला पंधरा इंचात उत्तर आहे, आणि ते मी शोधलेलं नाही, मारुतीनेच दिलेलं आहे. तुझ्याच स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी १८५/६५ आर १५ देते. बेरीज कर : ६२१.५. तुझ्या ६२० च्या जवळजवळ तंतोतंत. भिंत १२० मिलिमीटर, म्हणजे फक्त बारा मिलिमीटर गमावलेस. रुंदी वीस मिलिमीटरने वाढली, वळणावर आणि ब्रेक मारताना त्याचा फरक तुला पहिल्याच दिवशी कळेल. सस्पेन्शन, ब्रेक, एबीएस हे सगळं या आकारावर कंपनीने तपासलेलं आहे. मडगार्ड दुमडायची भानगड नाही.

सोळाचा हट्टच असेल तर १९५/५५ आर १६ हा एकच आकार मी ऐकून घेईन. बलेनोच्या वरच्या मॉडेलांना तोच येतो, त्यामुळे टायर कुठेही मिळतो. उंची ६२१, भिंत १०७. पुण्यातल्या पुण्यात फिरणारी गाडी असती तर मी कदाचित हो म्हटलं असतं. तुझ्या रस्त्याला नाही म्हणतो.

आणि एक स्वस्त वाट सांगून ठेवतो, कारण पुष्कळ लोकांना तीच पुरते. दिसण्याचा सोस नसेल, नुसती पकड वाढवायची असेल, तर आहे त्या चौदा इंची लोखंडी रिमवर १८५/७० आर १४ बसतो. उंची ६१५. रिमही वाचली, भिंतही जवळपास तेवढीच राहिली. पण तुझं पत्र वाचून ही वाट तुला पटणार नाही हे दिसतंच आहे.

टायरच्या आकारापुढे आणखी एक छोटा आकडा आणि अक्षर असतं, ८५टी, ८८एच असं. आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाचं : टी १९० पर्यंत, एच २१० पर्यंत. नियम एकच, तुझ्या टायरवर जे आहे त्याच्या खाली उतरायचं नाही. २०५/४५ आर १७ मध्ये ८४ चाही टायर मिळतो, म्हणजे ५०० किलो. दिसायला दांडगा, पेलायला तुझ्या बारीक टायरपेक्षा कमी! दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आता रिम. इथे लोक डिझाइन बघून फसतात. तुझ्या स्विफ्टला चार नट आहेत आणि ते १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर बसतात. दुकानात याला "चार-शंभर पीसीडी" म्हणतात. हे जुळलं की दुकानदार "बसतंय" म्हणतो. बसणं वेगळं, जुळणं वेगळं. हबचा, म्हणजे ज्यावर चाक बसतं त्या भागाचा, मधला गोल स्विफ्टला ५४.१ मिलिमीटरचा आहे. बाजारातली मॅग एकच माल अनेक गाड्यांना चालावा म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, ६७, ७३ असं काहीतरी. मग चाक हबवर न बसता नुसत्या नटांवर तोललं जातं, जरा जरी मध्यापासून सरकलं की ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं, आणि माणूस बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतो. यावर उपाय म्हणजे हब रिंग, त्या मधल्या फटीत बसणारी कडी. किंमत मामुली आहे. मोठ्या भोकाची मॅग घेतलीस तर रिंग मागून घे, "लागत नाही" म्हणाला तर दुकान बदल.

नटांचे आटेही बघ. सुझुकीचे आटे १२ गुणिले १.२५ चे; ह्युंदाईचे १२ गुणिले १.५. दिसायला सारखे. चुकीचा नट न्यूमॅटिक गनने जबरदस्तीने चढवला की बोल्टचे आटे खलास. म्हणून नट आधी हाताने दोन-चार फेरे फिरवून घ्यायला सांग, शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळायला सांग, आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत एकदा परत तपासून घे.

ऑफसेट म्हणजे चाक हबच्या किती आत किंवा बाहेर बसतं त्याचं माप. रिमवर "ईटी" म्हणून आकडा ओतलेला असतो. मूळ रिमच्या आकड्यापासून फार खाली गेलं की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं. पोरांना तेच आवडतं. पण मग बेअरिंगवर भार तिरका येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं आणि पावसाळ्यात दोन्ही दारांवर तांबड्या चिखलाची रांगोळी. स्पेसर लावणं म्हणजे हेच दुखणं वेगळे पैसे देऊन विकत घेणं. स्पेसर नको. मडगार्ड दुमडायलाही नको. तिथला रंग तडकला की चिपळूणच्या दमट हवेत गंज तिथूनच सुरू होतो.

"मॅग म्हणजे हलकं" हा समजही घरी ठेवून जा. चांगली मॅग हलकी असते हे खरं. स्वस्त ओतीव मॅग जाडजूड असते आणि इंच वाढत गेले की लोखंडी रिमहूनही जड भरू शकते. दुकानात वजनकाटा असतोच कुठेतरी; तुझी एक लोखंडी रिम आणि पसंत केलेली मॅग, दोन्ही ठेवून बघ. चाक जड झालं की ते फिरवायला, थांबवायला आणि खड्ड्यातून वर उचलायला जास्त जोर लागतो, आणि त्याची वसुली पेट्रोलमधून होते.

माझ्या मते सगळ्यात शहाणा सौदा म्हणजे वरच्या व्हेरियंटवर कंपनीकडून आलेल्या पंधरा इंची मॅग. नव्या सुट्या भागांच्या काउंटरवर मिळतात. त्याहून स्वस्तात हव्या असतील तर तुझ्यासारखेच हौशी लोक नवी कोरी वरची स्विफ्ट घेतात आणि दुसऱ्याच आठवड्यात सतरा इंची टाकतात. त्यांची काढलेली चाकं टायर दुकानात पडून असतात. पीसीडी, भोक, ऑफसेट, आटे सगळं जुळलेलं. हब रिंग लागत नाही. रिमवर वाचलेले पैसे टायरवर घाल. टायर नवाच घे आणि भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाच : २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. वर्षाच्या आतला माल माग. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआयची खूण हवी, ती नसलेला परदेशी माल कितीही स्वस्तात मिळाला तरी नको. चाकं चढल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच दिवशी.

कायद्याचंही ऐकून घे, कारण बाबा विचारतील. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून आरसीवरचा तपशील फारकत घेईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेलाच धरून चालायला सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली मनाई असलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. नाक्यावर टेप घेऊन टायर मोजणारा हवालदार मी अजून पाहिलेला नाही. पण अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र मोजतो. त्याच मॉडेलसाठी कंपनीने स्वतः ठरवलेला आकार असेल तर वादाला जागा फारशी उरत नाही. मडगार्डच्या बाहेर आलेल्या सतरा इंचीला ती भरपूर उरते. मॅग बसवल्यावर विमा कंपनीला ईमेलने कळव, बिल जोड आणि त्यांचं उत्तर जपून ठेव. चाक चोरीला गेलं तरी तेच कामाला येईल. गाडीची वॉरंटी बाकी असेल तर सर्व्हिस सेंटरलाही विचारून घे, कारण भलत्या आकाराच्या चाकांवर बेअरिंग आणि सस्पेन्शनचा दावा नाकारायला त्यांना निमित्त मिळतं.

स्टेपनी आहे तीच राहू दे. तिची उंची ६२०, नव्या चाकांची ६२१.५, घाटात पंक्चर झालं तर ती लावून दुकानापर्यंत आरामात जाशील. फक्त ८० च्या वर पळवू नकोस, कारण एका बाजूला टायर अरुंद आहे. मॅगचे नट वेगळ्या बैठकीचे असतील तर जुने चार नट पिशवीत बांधून स्टेपनीजवळच टाक. टाळावाले नट बसवलेस तर त्यांची चावीही तिथेच. रात्री अकरा वाजता कोयनानगरला ती पुण्याच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये असून उपयोग नाही.

उरलेल्या चार लोखंडी रिम दुकानदाराला देऊ नकोस, तो भंगाराचा भाव करेल. गावी माळ्यावर ठेव. चार-पाच वर्षांनी गाडी विकशील तेव्हा त्या परत चढव आणि मॅग वेगळ्या वीक. जुनी गाडी घेणारा बदललेल्या चाकांना जास्त पैसे देत नाही, उलट आधीच्या मालकाने गाडी कशी पळवली असेल याचा हिशेब मनातल्या मनात करतो.

राहिला रंग. डायमंड कट म्हणजे लेथवर चकचकीत कापलेल्या ॲल्युमिनियमवर पारदर्शक लॅकरचा थर. फुटपाथला एकदा घासलं की तो थर फुटतो, आणि दमट, खाऱ्या हवेत त्या फटीतून आत पांढुरके डाग पसरत जातात. दुरुस्तीला पुन्हा लेथ लागते, दर वेळी थोडा धातू जातो. चकचकीत काळा शोरूममध्ये झकास, पण त्यावर ब्रेकची राखाडी धूळ आणि आपली तांबडी माती दोन्ही उठून दिसतात. तू दर रविवारी चाकं पुसणारा असशील तर काळा घे. नाहीतर साधा रंगवलेला सिल्व्हर किंवा गडद राखाडी; ओरखडा आला तरी कुठलाही पेंटर तासाभरात बुजवून देतो.